जीपला पंखा बसवला, महादेवी

प्रिय महादेवी,

सोमवारी तुझ्या आईपाशी मी एक गोष्ट कबूल केली. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "हे मला का सांगालाय? जिला सांगायचं तिला सांगा."

आज शुक्रवार. चार दिवस मी टाळलं. टाळण्यात मी किती तरबेज आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण आता लिहायला बसलोय. अव्वा आत तुझ्या खोलीत झोपल्यात. बाहेर मे महिन्यातलं सोलापूर आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

आधी बातमी सांगतो. जीपला पंखा बसवला. व्हय, तोच. एसीचा. ज्याच्याबद्दल तू चार उन्हाळे विचारत होतीस.

तुला तो दिवस आठवतो? तुझ्या गावच्या जत्रेला निघालो होतो. तुझ्या नसांच्या आजाराचं निदान होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, उष्णता अंगावर घेऊ नका, ऊन लागलं की पायातलं बळ जाईल, डोळ्यांपुढे धूसर होईल. तू मला म्हणालीस, "उष्णता टाळायची आणि राहायचं सोलापुरात!" आणि इतकी हसलीस की डॉक्टरही हसले. मी मात्र त्याच महिन्यात ती जुनी जीप घेतली. शेतातल्या वाटेनं चालणारी आणि एसी असलेली, म्हणजे तुला माहेरी नेता येईल.

अक्कलकोटपर्यंत किती गार होतं! तू पाय वर घेऊन बसली होतीस, शेंगा खात होतीस. पुढं डांबर संपलं, काळ्या रानातली वाट लागली. चाकाएवढे खड्डे. गाडी माणसाच्या चालीनं चालली आणि एसीतून गरम वाफ यायला लागली.

मी वर्गात सांगावं तसं तुला सांगायला लागलो. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, कंडेन्सर, गाडीच्या नाकाशी असते. गाडी पळते तेव्हा वारा तिला थंड करतो. गाडी हळू चालली की वारा नाही, मग जाळी तापते आणि एसी हात टेकतो.

"वारा नसेल तर वारा लावा की, सर!" तू म्हणालीस.

इतकी सोपी गोष्ट! जाळीपुढे एक जादा विजेचा पंखा बसवायचा, झालं. तुला ती पाच मिनिटांत कळली होती.

त्यानंतर तुझी जीभ जड झाली. मग तू म्हणालीस, पाय कुठं आहेत कळंना. मी गाडी थांबवून तुला उचललं आणि तुझी मान मागं पडली. महादेवी, त्या क्षणी मला वाटलं, गेलीस. विहिरीवर एक बाई धुणं धूत होती, तिनं धावत येऊन पाइप तुझ्या अंगावर धरला. अर्ध्या तासात तू उठून बसलीस. केसांतून पाणी गळतंय, साडी अंगाला चिकटलीय आणि म्हणतेस काय, "चला पुढं, जत्रा चुकंल."

मी तुला न विचारता जीप वळवली. गाव समोर दिसत होतं. अव्वा गव्हाची हुग्गी, तुझी ती गोड खीर, करून वाट बघत होत्या.

त्यानंतर तुझी ती खोली. कूलर, वाळ्याचे पडदे, खिडकीला काळा कागद. फेब्रुवारी संपला की तू आत जायचीस ते जूनपर्यंत. दर पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं, त्यातलं आधी कूलरला. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड ऐकून तू वेळ ओळखायला शिकलीस. "माग थांबले, म्हणजे जेवणाची सुट्टी झाली," असं म्हणायचीस. बाहेर काय चाललंय ते तू कानांनी बघत होतीस आणि मी लोकांना सांगत होतो, आमच्याकडे सगळी व्यवस्था आहे!

"पंखा बसवला का?"

"बघू. परीक्षा होऊ देत."

"पंखा बसवला का, सर?"

"आता पाऊस येईलच. पुढच्या वर्षी बघू."

तिसऱ्या उन्हाळ्यातली ती सकाळ मला सोडत नाही. तुझ्या भाचीचं लग्न गावात होतं. सकाळी सातला तू हिरवी इरकल नेसून, हातभर बांगड्या भरून पलंगाच्या कडेला बसली होतीस. मी दारात उभा राहून म्हणालो, "एसीचं काम झालं नाही. कसं जायचं?" तू एकेक बांगडी उतरवून उशीपाशी ठेवलीस आणि हसत म्हणालीस, "तुमी जेलात नोकरीला पाहिजे होता."

मीही हसलो. काय म्हणून हसलो असेन?

आता जे अव्वांना सांगितलं ते तुला सांगतो. मी विसरलो नव्हतो. मला वेळ नव्हता असंही नाही. मी गाड्यांची वायरिंग शिकवणारा माणूस, महादेवी! त्याच वर्षी, भाचीच्या लग्नाच्या महिनाभर आधी, आमच्या संस्थेच्या जुन्या गाडीला मी अगदी असाच पंखा वर्गाकडून बसवून घेतला होता. प्रात्यक्षिक म्हणून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आलो, चहा घेतला, आणि तुला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

का? पंखा बसला असता तर तुला थांबवायला माझ्याकडे कारण उरलं नसतं. तू रोज म्हणाली असतीस, चला. त्या विहिरीवर मागं पडलेली तुझी मान मला पुन्हा बघायची नव्हती. तू खोलीत असलीस की मी कामावर निवांत असायचो. कुठल्याही तासाला मला माहीत असायचं, महादेवी कुठं आहे. माझ्या जिवाला थंडावा मिळावा म्हणून मी तुला कोंडलं आणि त्याला काळजी म्हणत राहिलो.

आणि झालं काय? ऊन तुला शिवलंसुद्धा नाही. जानेवारीत, थंडीत, त्याच खोलीत छातीत कफ धरला आणि आठ दिवसांत तू गेलीस. मी जपलेल्या जागेतच! हे मी कुणाला सांगू?

गेल्या आठवड्यात अव्वांचा फोन आला. तुझ्यामागे पहिल्यांदाच. "जावईबापू, मला दिसंना झालंय. मोतीबिंदू पिकलाय म्हणत्यात. तुमी न्यायला येता का?" ऐंशीच्या पुढची बाई, मे महिना आणि वाट अजून तशीच. 'बघू' हा शब्द तोंडात आला होता. गिळला.

रविवारी सकाळी पंखा आणला आणि अंगणात जीपचं नाक उघडलं. पुढची लोखंडी जाळी काढायला दोन गंजलेले बोल्ट आडवे आले, बाकी सगळं सुतासारखं सरळ. कंडेन्सरच्या नाजूक पात्यांना धक्का लागू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून पंखा त्यांच्यावर धरला. बॅटरीपासून फ्यूज घालून वायर आणली. एसी लागला की पंखा आपोआप लागावा म्हणून रिले जोडला.

चालू केला तर वारा उलटा! मी, बावीस वर्षं शिकवणारा, दोन वायरींची अदलाबदल केली होती. जाळीपुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरला, तो आत ओढला जायचा सोडून माझ्या तोंडावर उडाला. तू असतीस तर सगळ्या गल्लीला बोलावून सांगितलं असतंस.

वायरी बदलल्या. आत जाऊन बसलो, काचा वर केल्या. जीप जागच्या जागी उभी, डोक्यावर दुपारचं ऊन आणि आत गारेगार. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं झाली तरी हवा तापली नाही.

एका सकाळचं काम, महादेवी! चार उन्हाळे आणि एका सकाळचं काम!

मला दार उघडून बाहेर येता येईना. शेजारच्या रिकाम्या सीटवर एसीचा झोत पडत होता. तो बंद करायलाही हात जाईना. किती वेळ बसलो कोण जाणे. घर समोर होतं, त्यात तुझी खोली होती, आणि दोन्हीकडे जायची मला हिंमत नव्हती.

सोमवारी अव्वांना आणलं. त्या मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या. त्याच वाटेवर, त्याच चालीनं जाताना त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि जिथून हवा येते तिथं तळवा धरला.

"थंड हाय की!" म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हे आधी नव्हतं?"

मी गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. संस्थेच्या गाडीचंसुद्धा. त्या काय म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा हात वर करून म्हणाल्या, "साकु, पुरे. चला आता." बस! तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. छान झालं. डाव्या डोळ्यानं आता त्यांना भिंतीवरचा तुझा फोटो दिसतो. काल बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या होत्या.

आज सकाळी दहाला काळा चष्मा लावून, काठी घेऊन त्या दारात आल्या. "मला तळ्याकडं जायचंय."

"अव्वा, ऊन आहे. आत बसा," मी म्हणालो.

तोंडातून किती सहज निघालं, महादेवी! तोच आवाज, तेच शब्द. आणि बघतो तर माझा हात कडीवर होता. मी ती लावतच होतो.

अव्वा शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर ऊन नको म्हणाले का धूळ नको म्हणाले?"

"धूळ."

"मग गाडी हाय की."

गेलो. काचा वर, हवेचा झोत पायांकडे. रस्त्यापेक्षा मी त्यांच्याकडेच बघत होतो, मान सरळ आहे ना, श्वास चालू आहे ना. त्या मात्र काचेला नाक लावून बसल्या होत्या. "पाणी केवढं आटलंय! ते पांढरं काय, बगळं? हळू चालवा, बघू द्या."

मी हळू चालवली. पंखा फिरत होता. तू चार उन्हाळ्यांत एकदाही बघितलं नाहीस ते तळं तुझी आई एका डोळ्यानं बघत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून रडत होतो. त्यांना कळलं असणार. त्यांनी मान वळवली नाही.

मोकळं वाटतंय असं लिहिणार नाही, खोटं होईल. माफीही मागत नाही. तू दिलीस तरी मला ऐकू येणार नाही, आणि दिली नाहीस तर ते बरोबरच आहे. ही भीती माझ्याबरोबर या घरात राहणार, बहुतेक शेवटपर्यंत.

पण एक शब्द देतो. अव्वा अजून पंधरा दिवस इथं आहेत, मग त्यांना गावी सोडायचं आहे, पुढं दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा आणायचं आहे. त्या जेव्हा जेव्हा "जायचंय" म्हणतील, तेव्हा मी किल्ली घेईन. भीती वाटली तरी घेईन. आणि त्या "आता मागं फिरवा" म्हणेपर्यंत गाडी वळवणार नाही.

तुझाच,
मल्लिनाथ