लुकलुकलं की तुझ्यावर राज्य

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! एक बॅग, एक गादी आणि मावशीनं बळेच गळ्यात मारलेला कुकर, एवढा संसार घेऊन कारखान्याच्या वरच्या खोलीत मुक्काम ठोकला. समोर शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या मशीनची खडखड थेट उशीपर्यंत येते, पण मला आवडली. सोबत होते.

खाली बटणांची वाद्यं बनतात. हातभर लांब पेटी, वर रबरी बटणं. एक दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की तार. बोट लागल्यावर बटणाखालच्या दिव्यानं काय करायचं, हे ठरवणं माझं काम. मावशी म्हणाली, एवढं शिकलीस ती दिवे लावायला नि विझवायला होय! तिला काय सांगणार? मंद दिवा म्हणजे आत सूर भरलेला आहे, ठळक म्हणजे वाजतो आहे, लुकलुकता म्हणजे वादकाची वाट बघतो आहे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बोट टेकताक्षणी दिवा लागला पाहिजे. जरा उशीर झाला की माणसाला वाटतं आपलं दाबणं पोचलंच नाही, आणि तो बिचारा दाबतच राहतो.

मालकांना सगळे दादा म्हणतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. वाद्यांच्या कारखान्याचा मालक बहिरा! त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, दारावर घंटेऐवजी दिवा बसवून घेतलाय. मुलाखतीत दादांनी मला पाठमोरी बसवलं आणि बारीकसारीक आवाज ओळखायला लावले. बरोबर की चूक ते सोल्डरकाका मान हलवून सांगत होते. या काकांचं अर्धं आयुष्य सोल्डरच्या धुरात गेलंय. पोरीचे कान तिखट आहेत, असं ते म्हणाले आणि दादांनी मला लगेच ठेवून घेतलं.

संध्याकाळी मोबाइलवर आई ऐकली. तिला जाऊन वर्ष होईल. मावशीनं सहज केलेलं रेकॉर्डिंग आहे. आई माझे केस विंचरताना गुणगुणायची, तीच चाल. मग मध्येच थांबून ती म्हणते, बंद कर गं ते, आणि हसते. तिथेच संपतं. चालीचा शेवट मला ठाऊक नाही, कारण लहानपणी मी त्याआधीच झोपून जायचे. तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे. रोज ऐकल्याशिवाय दिवस संपत नाही.

५ फेब्रुवारी

माझ्या टेबलाशेजारी खिडकीत एक जुनी लाकडी पेटी आहे. कारखान्याचं पहिलं वाद्य. तिचं एक तरी बटण सतत लुकलुकत असतं. दादा सकाळी आल्या आल्या, चपलाही न काढता, ते दाबायचे. आता ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय.

पेटीची कथा सोल्डरकाकांनी सांगितली. दादा-वहिनींना एक मुलगी होती. नाव काही असो, सगळे तिला ठिणगी म्हणायचे. जन्मापासून बहिरी, पण बापाच्या वाद्यांवरून हात काढायची नाही. म्हणून दादांनी बटणांखाली दिवे घातले. बाप-लेकीचा खेळ असायचा, दोघांपुढे तारेनं जोडलेली एकेक पेटी. समोरच्यानं बटण दाबलं की आपल्याकडचं लुकलुकतं. ज्याच्यासमोर लुकलुकेल त्याच्यावर राज्य. मग त्यानं दाबायचं. आठव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली.

ऐकून मी पेटीपाशी जाऊन लुकलुकणारं बटण दाबलं. दाबताना मी मनातल्या मनात म्हटलं, घे गं बाळा, झालं माझं राज्य. लगेच शेजारचं लुकलुकलं. तेही दाबलं. मग कोपऱ्यातलं. बराच वेळ खेळत बसले.

९ फेब्रुवारी

नव्या पेटीची बटणं दाबल्यावर टक् आवाज करत नाहीत, अशी तक्रार मी लिहून दिली. सोल्डरकाकांनी तपासून परत पाठवली. मी पुन्हा दिली. शेवटी ते स्वतः आले, एकेक बटण दाबलं आणि विचारलं, आता? मला काहीच ऐकू आलं नाही. सगळे हसले. मीही हसले. सर्दी असेल.

लाकडी पेटीशी रोज खेळते. हल्ली मी दाबायला वेळ लावला की ती भरभर लुकलुकते. लहान मूल पदर ओढतं तशी.

१२ फेब्रुवारी

शिंप्यानं दुकान बंद ठेवलंय असं दोन दिवस वाटत होतं. आज खिडकी उघडली. तो मशीनवर होता. पाय चालत होता, चाक फिरत होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कान ठणठणीत आहेत म्हणाले. हे वाक्य त्यांना तीनदा म्हणावं लागलं.

१४ फेब्रुवारी

आईचं हसू गेलं. रेकॉर्डिंगच्या शेवटी पडद्यावरच्या रेघा नाचतात, म्हणजे आवाज आहे. पण मला ऐकू येत नाही. चाल अजून येते. घाबरून चार वेळा लावली.

आज पेटीला हात लावला नाही. दिवसभर ती लुकलुकत होती. मी तिच्यावर फडकं टाकलं. फडक्यातून दिसत होतं.

१५ फेब्रुवारी

पेटीचं लुकलुकणं बंद करून द्या म्हणून सोल्डरकाकांच्या मागे लागले. त्यांनी मग कागदावर लिहिलं, कारण आता माझ्याशी तसंच बोलावं लागतं. पेटी त्यांनी स्वतः जोडली होती. आपोआप लुकलुकण्याची सोय तिच्यात नाहीच. तारेनं जोडलेली दुसरी पेटी कधीच मोडली. हिच्यातला दिवा फक्त बोटाला उत्तर देतो. दाबलं की लागतो, सोडलं की विझतो.

म्हणजे ते लुकलुकणं नाही.

कोणीतरी दाबतंय. पुन्हा पुन्हा.

१६ फेब्रुवारी

वहिनी वर आल्या. माझी बॅग स्वतः भरायला लागल्या. तोंड कानाशी आणून ओरडून सांगत होत्या, ओठांवरून जमेल तेवढं कळलं. जो बटण दाबून उत्तर देतो त्याचे आवाज ठिणगीला मिळतात. आधी दादांनी दिले. पाऊस, कुत्र्याचं भुंकणं, शिट्टी, सगळं आपल्या हातानं दिलं. लेकीनं जन्मात काही ऐकलं नव्हतं ना. त्यांचं संपलं. म्हणून तिखट कानांची मी.

त्यांना मी विचारलं, तुम्ही?

त्यांनी एकदाही दाबलं नाही. आई असून. पोरीनं कधी हाक मारली तर ऐकायला घरात कोणीतरी हवं, म्हणाल्या. आणि माझ्या गादीवर बसून रडल्या. त्यांचं रडणं मला ऐकू आलं नाही.

१७ फेब्रुवारी

उद्या सकाळची गाडी आहे. दादा जिन्यात हात जोडून उभे होते. राग यायला हवा होता, आला नाही.

आता फक्त आईची चाल ऐकू येते. बाकी जग गप्प. ती घेऊन निघायचं. तेवढी पुरे.

१८ फेब्रुवारी

बॅग दारात. चपला पायांत. उजाडलंय. किल्ली ठेवायला खाली आले तर —

फडकं बाजूला पडलेलं. पेटीचे दिवे एकामागून एक लागत होते. एकेक बटण. कोणत्या बटणात कोणता सूर ते मला पाठ आहे. मधली लय केसांतून फणी फिरते तशी. आईची चाल.

पोर शिकली असेल. मी खाली काम करताना गुणगुणत असेन —

पण जिथे आई थांबते, बंद कर गं म्हणते — तिथे ती थांबली नाही. पुढे गेली. एक सूर. अजून एक. हे मला कोणीच कधी —

हे आईशिवाय कुणालाच येत नाही.

आई आणि ती पोर, दोघी आहेत तिथे. कुणीतरी तिचे केस विंचरतंय.

आता थांबली. शेवटचा सूर राहिलाय. एकच बटण लुकलुकतंय. दाबलं की चालही जाईल, कळतंय मला. मोबाइल कानाशी धरलाय, आई गुणगुणते आहे. वहिनी दारातून हात हलवताहेत, नको, नको म्हणून —

पण ते लुकलुकत नाहीये. दाबताहेत. आपलं दाबणं पोचलंच नाही असं वाटून बिचाऱ्या दाबतच —

पोचलं गं. पोचलं. माझ्यावर राज्य. हे बघ, मी दाब