काकाकुवा सरंगा याचा ताबा न देण्याबाबत

दि. १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. पक्षी तपासणी अधिकारी,
प्राणी व पक्षी तक्रार कक्ष,
ठाणे.

विषय : पाळीव काकाकुवा, नाव सरंगा, वय अकरा, हा १४ तारखेला आपल्या कक्षात जमा करण्यास नकार.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १ फेब्रुवारी. २) नवखाडी दर्शन सोसायटी, बाळकुम यांची तक्रार (मला दाखवलेली नाही, वॉचमनने वाचून सांगितली).

महोदय,

१. मी चंदू पोशा कोळी, वय ६६, शिक्षण चौथी, धंदा मासेमारी. हा अर्ज स्वतः लिहितो आहे. नोटिशीत म्हटलं आहे की मी पक्ष्याची पिसं उपटून त्याचा छळ करतो. सोबतचा फोटो खरा आहे. त्याची छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडली आहे. पण उपटणारा हात माझा नाही. तो चोचीने स्वतःचीच पिसं उपटतो. नोटीस काढण्याआधी आपण एकदा जिना चढला असता, लिफ्टसुद्धा आहे, तर हे दिसलं असतं.

२. हा पक्षी कल्याणच्या दुकानातून पावती घेऊन आणला. नोंदणी केलेली आहे. माझ्या मुलाला, हितेशला, बोलणारा हवा होता. दुकानदार एक गुबगुबीत, गप्प पक्षी गळ्यात मारत होता. माझी बायको मनुबाई म्हणाली, “तो निजलाय. यो बघा, दाराची कडी खोलतंय. आपले घरान कामाचाच मानूस पायजे.” म्हणून हा निवडला. सरंग्यासारखा, म्हणजे पापलेटासारखा, पांढरा म्हणून नाव सरंगा.

३. जुन्या घरात तो ओट्यावर माझ्याशेजारी बसायचा. मी जाळं शिवायचो. त्याने जाळ्याला चोच लावू नये म्हणून मी त्याला सुती दोरीचा तुकडा गाठी मारून द्यायचो. तो दिवसभर गाठी सोडायचा. संपल्या की तुरा उभारून ओरडायचा, मी नव्या मारायचो. सात वर्षं आम्ही दोघांनी असं काम केलं. तेव्हा एक पीस उपटलं नाही.

४. मग घरं पाडून तिथेच हा टॉवर उभा राहिला. आज सोसायटीचं ऑफिस आहे तिथे आमचा ओटा होता. आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि जाळी घरात आणायला मनाई. वास येतो म्हणे. जाळं शिवणं बंद, तशा त्याच्या गाठीही बंद. काकाकुवा सकाळ-संध्याकाळ ओरडतो, ती त्याची जात आहे. त्यावर सेक्रेटरी ऋतुराज सबनीस मला म्हणाले, “काका, त्याला म्यूट करा ना.” पुढे ठराव झाला की पक्ष्याने सकाळी आठ ते सव्वाआठ एवढंच ओरडावं आणि गॅलरीत बसू नये. ठरावाची प्रत जोडली आहे. पक्ष्याला वाचून दाखवली, त्याने ती फाडली. म्हणून झेरॉक्स आहे.

५. आता माझा गुन्हा लिहितो. मी ठराव पाळला. पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली आणि अडीच महिने त्याला बाथरूममध्ये ठेवलं. ओरडणं थांबलं. सोसायटीने मला थँक्यू म्हटलं. त्याच आठवड्यात पिसं गळायला लागली. मला वाटलं, ऋतू बदलतोय. पक्ष्यांच्या डॉक्टर मेघाली यांनी तपासून मला झापलं, “रोग नाही काका, एकटा पडलाय तो.” सोडायला गाठी उरल्या नाहीत, तेव्हा त्याने स्वतःलाच उसवायला घेतलं. हे मला समजायला हवं होतं. जन्मभर गाठी मारलेला माणूस आहे मी. मी ताडपत्री काढून त्याला परत गॅलरीत बसवलं. ज्यांनी त्याला कोंडायला लावलं, त्यांनीच मग त्याच्या उघड्या छातीचा फोटो आपल्याला पाठवला. साहेब, याला आमच्याकडे कालवण सांडून मांजरावर ढकलणं म्हणतात.

६. आपल्या नोटिशीत “पक्षी जागेवरून हलवू नये” असं आहे. नोटीस ३ तारखेला मिळाली. ४ तारखेपासून मी रोज त्याला हलवतो. माझा पुतण्या दौलत खाडीवर जाळी शिवतो, तिथे घेऊन जातो. दौलत जाळं शिवतो, मी सुती दोरीला गाठी मारतो, सरंगा सोडतो आणि पाहिजे तेवढं ओरडतो. मनुबाई डबा घेऊन येते. आपला आदेश मी मोडला आहे आणि उद्याही मोडणार आहे.

७. आपल्या कक्षात पिंजरा असेल, दाणा असेल, डॉक्टर असतील. त्याच्याशेजारी बसणार कोण? त्या माणसाचं नाव आणि हुद्दा लेखी कळवावा. हा पक्षी अजून तीस-चाळीस वर्षं जगेल, मी जगणार नाही. माझ्यानंतर दौलत बसेल, तसं त्याने लिहून दिलं आहे. आपल्या खात्यात तीस वर्षं एका खुर्चीवर बसणारं कोणी आहे का?

१४ तारखेला पक्षी येणार नाही. आपण खाडीवर यावं. बसायला फळकूट आहे, गाठी मारायला शिकवीन.

आपला, आदेश मोडणारा पण नम्र,
चंदू पोशा कोळी
(सही)

सोबत :
१) पावती, नोंदणी, ठरावाची झेरॉक्स.
२) डॉ. मेघाली यांचा कागद.
३) दौलतचं हमीपत्र.
४) पाकीट अ : १ ते ६ फेब्रुवारीत उपटलेली पिसं (डॉक्टरांनी मोजून ठेवायला सांगितली होती), नग ४१.
५) पाकीट ब : ७ ते १२ फेब्रुवारीत उपटलेली पिसं. हे पाकीट रिकामं आहे. भरायचं राहिलं असं समजू नये.