आमचे हात ठाण्यात

५ सप्टें. ८५, गुरु.
बाजारातलं कापडदुकान फुटलं म्हणून गावातले ऊसतोडीला जाणारे सगळे पुरुष आज ठाण्यात. आमचे हेसुद्धा. कारण काय, तर मुलूखभर फिरतात! दहाही बोटं शाईत घालून ठसे घेतले. बोटं इतकी निबर की ठसा धड उठेना, जमादार घामाघूम. मला हसू आवरेना. हे हसले नाहीत.

९ सप्टें., सोम.
चोर सापडला! दुकानाचाच मुनीम. गल्लीत सगळ्यांना चहा. मी म्हटलं, आता ठशांचे कागद मागून आणा. हे गेले नि हात हलवत परत आले. कागद ठाण्यातच राहणार म्हणे, पुढंमागं लागतात. म्हणजे कुठंही काही फुटलं की आधी ह्यांची बोटं ताडून बघणार. चोरी न करता जन्मभर चोरांच्या गठ्ठ्यात. डोकंच फिरलं माझं.

१३ सप्टें., शुक्र.
खांदेमळणी. मामंजींनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, आवतण दिलं. आमच्या लाल्या बैलानं मान हलवली, लय गोड. तेवढ्यात हे म्हणाले, यंदा बैलावर गेरूचा पंजा उठवणार नाही, ठाण्यात उठवले तेवढे बास. पुरणाची डाळ निवडता निवडता मी रडले.

१४ सप्टें., शनि. पोळा.
शिंगं रंगवली, झुली घातल्या. गेरूचं ताट तयार, हे पाठ फिरवून उभे. मग मीच हात बुडवला आणि लाल्याच्या पाठीवर पंजा! बाईमाणसानं! सासूबाई आधी आ वासून, मग पोट धरून हसायला लागल्या.
बंदोबस्ताचा जमादार तिथंच होता. मामंजींनी त्याच्यापुढं ताट धरलं, दुसऱ्या हातात एक कोरा कागद.
"सायेब, तुमचा बी एक पंजा द्या. राहू द्या आमच्याकडं. लागंल पुढंमागं."
त्यानं हात मागं घेतला. "मी काय चोर हाय का?"
"न्हाई की," मामंजी म्हणाले. "आमी बी न्हाई."
जमादारानं टोपी नीट केली, म्हणाला, ठशांचे कागद परत देता येतात का ते परभणीला साहेबांना विचारतो. पुरणपोळी खाऊन गेला. ह्यांनी माझ्या हातून ताट घेतलं आणि लाल्यावर दोन्ही पंजे उठवले. असा आनंद लग्नातही झाला नव्हता.

१५ सप्टें., रवि.
जमादाराचा निरोप नाही. इतक्यात यायचाही नाही. उद्या आम्ही दोघंच परभणीला साहेबांकडं जाऊन ठशांचे कागद मागणार. हे म्हणतायत, देतील का? मी लग्नातली साडी काढून ठेवलीय.