मोड येईपर्यंत

बाई, व्यसनमुक्ती केंद्रातलं स्वयंपाकघर अजून तसंच आहे, फक्त चुलीच्या जागी गॅस आलाय. तिथेच मी तुमच्यावर पहिल्यांदा ओरडलो होतो. गर्दच्या पायी घरातली भांडी विकून झाल्यावर थोरल्या भावाने पोशीरहून मला तुमच्याकडे आणून सोडलं होतं, त्याच आठवड्यात. हाडं ठणकत होती. "मी चाललो, दार उघडा!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "उघडंच आहे. पण इथून कुणी उपाशी जात नाही. बिरडं खाऊन जा." आणि डब्यातले कडवे वाल काढून पाण्यात टाकलेत. ते भिजणार, फडक्यात बांधल्यावर मोड येणार, मग सोलायचे, मग शिजणार. दोन दिवस सहज जाणार. काय डोक्यात गेलात तुम्ही त्या दिवशी! एवढी शिकलेली समुपदेशक बाई, आणि मला वाल दाखवतेय. पण थांबलो. सोलताना निम्मे वाल माझ्या हातून चुरडले. तुम्ही माझ्याकडे न बघता सोलत राहिलात आणि मी बोलत सुटलो. जायचं राहूनच गेलं.

आता तुमच्या खुर्चीत मी बसतो. गेल्या महिन्यात कशेळ्याचा एक जीपवाला म्हणाला, "भाऊ, बास झालं. आमी काय हितं राहनार नाय." मी वाल भिजत घातले. तोही थांबला. सोलता सोलता बायकोबद्दल बोलला, मुलीबद्दल बोलताना रडला. मला वाटलं, जमलं. मग तो बिरडं-भात पोटभर जेवला, ताट घासून पालथं घातलं, "झ्याक झालं हाय" म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला. फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. तुम्ही कुणाला अडवत नव्हतात, म्हणून मीही अडवलं नाही. परवा त्याची बायको येऊन सांगून गेली, तो पुन्हा घ्यायला लागलाय.

मला राग आला तो तुमचाच. जेवून निघून जाणारे तुमच्याकडेही असतीलच की. त्यांच्यामागे तुम्ही स्वतःचं काय करत होतात, तेवढं शिकवायचं राहिलं बघा. आणि आता विचारायला तुम्ही नाही, जाऊन कितीतरी वर्षं झाली.

हा कागद कुठे पाठवणार? वालाच्या डब्याखाली ठेवतो. मघाशी पुन्हा मूठभर भिजत घातले, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "आता कोन निघालाय रं?" मी म्हटलं, कुणी नाही. बाई, इतक्या वर्षांनी परवापासून मला तलफ येतेय. ते वाल माझ्यासाठी आहेत.