दिव्यानीच्या कानांचा हेडसेट आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, सुनिल लटारू मोहुर्ले, वय बावीस, राहणार सिंदेवाहीजवळ, धंदा लग्न-वरातीत साउंड वाजवणे, शिक्षण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, आज भरदुपारी, पोटभर जेवून, कोणी गळा धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. मी प्रेमात आहे. प्रेमाला कायदा वेड धरतो का, हे शेजारच्या बापूजींना आधीच विचारून घेतलं. बापूजींची उभी हयात तहसीलसमोर अर्ज लिहिण्यात गेली. ते म्हणाले, "धरलं असतं तं अर्ध्या तालुक्याचे कागद रद्द झाले असते. लिही."

कारण असे की, उद्या सकाळी मोरव्याच्या धावपट्टीवरून मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. चालवणार दिव्यानी वारलू मडावी, मूळची एटापल्लीची. तिला खाजगी वैमानिकाचा परवाना नुकताच मिळाला असून मी तिचा पहिला प्रवासी आहे. तिच्या हातांवर माझा पूर्ण भरवसा आहे. भरवसा नाही तो पोचूवर. पोचू माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि तो चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलला, "वरून पडला तं तुही गाडी माही." डोकं सणकलं. म्हणून हा कागद.

आणखी एक. मी दिव्यानीला लग्नाचं विचारलं आहे. ती म्हणाली, "वर गेल्यावर सांगीन."

"काऊन? खाली काय झालं?"

"खाली तू मले बोलूच नाई देत."

तेव्हा उद्या काय ऐकायला मिळेल ते मिळो, त्याआधी व्यवस्था लावून ठेवतो.

कलम १. घर आणि शेत. दोन्ही माझे वडील लटारूभाऊ यांचे, आणि ते ठणठणीत आहेत. त्यांच्याच शब्दांत, "या घरात तुह्या नावावर फक्त बोंबलणं आहे." ते बोंबलणं कोणालाही देता येत नसल्याने माझ्यासोबत जाईल.

कलम २. साउंड. मिक्सर, वायरी आणि उरलेला एक मोठा डब्बा, म्हणजे स्पीकर, धाकटी बहीण स्वाती हिला. अट एकच: धावपट्टीजवळ वाजवू नये. मी वाजवला होता. तिथे एका कार्यक्रमाला मी असा काही दणका लावला की पत्रे थरथरले. तेवढ्यात विमानातून उतरलेली एक पोरगी सरळ माझ्याकडे आली आणि तिने वायरच ओढली.

"आवाज कमी कर म्हणून तीनदा सांगून धाडलं ना तुले? डोकं भणभण करून राह्यलं माहं!"

मला कोणी असं बोललं की मी हात उगारतो. कॉलेजही असंच सुटलं. तिथे मी टेबलावर हात आपटला आणि जेवणाचा डब्बा उचलून घरी आलो. पण तिने हेडसेट काढला, आणि तिचे कान जास्वंदीसारखे लाल झालेले दिसले. तिच्या फ्लाइंग क्लबचा जुना हेडसेट पकडीसारखा आवळतो. माझा उगारलेला हात तिथेच राहिला. मी म्हटलं, "पाणी देऊ का?" आयुष्यात मी वाजवणं स्वतःहून बंद केलं ते त्या दिवशी.

कलम ३. फुटका कर्णा. "तू फक्त आवाज करतोस," असं भर वर्गात म्हणणाऱ्या सरांना. सोबत निरोप: आता मी आवाज बंद करण्यातला जाणकार आहे.

कलम ४. पहिला हेडसेट. हा दिव्यानीसाठी मीच निवडला आणि साफ चुकलो. चूक कशी झाली ते लिहून ठेवतो, म्हणजे दुसरा प्रेमवीर तरी वाचेल. विमानाच्या इंजिनसारखी घरघर कुठे मिळते? आमच्याकडे धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला. म्हणून हेडसेट घालून मी दिवसभर मळणीयंत्राजवळ पेंढ्या टाकत बसलो. यंत्र जसं गावच सोडून गेलं! बाबा मागून शिव्या देत होते, त्याही ऐकू आल्या नाहीत. मी नाचत नाचत तो दिव्यानीकडे नेला. तिने घातला, इंजिन सुरू झालं आणि तिने तोंड वाकडं केलं.

"घरघर तं तशीच येऊन राह्यली. आन् कानशील दुखते."

दिव्यानीला चष्मा आहे. मला नाही. चष्म्याच्या काडीने कानावरची गादी उचलली जाते, त्या फटीतून आवाज शिरतो आणि काडी हाडात रुतते. जिच्या डोक्यासाठी घ्यायचा तिचंच डोकं मी विसरलो होतो. हा पहिला हेडसेट कोरपन्याच्या धनराजला द्यावा. तोही तिच्या मागे होता आणि त्याने तिला रंगीत दिवे लुकलुकणारा, गेम खेळायचा हेडफोन दिला होता. त्या हेडफोनला विमानाच्या रेडिओवर बोलायचा माइकसुद्धा नाही. "विमानात बसून गाने आयकू का बे?" असं ती त्याला म्हणाली, तेव्हा मी इतका हसलो की मलाही शिवी बसली. धनराजला चष्मा नाही. त्याला बरोबर बसेल.

कलम ५. आईचा चष्मा. हा माझा नाही, परत द्यावा. दुसऱ्या वेळी मी तो डोळ्यांवर चढवून, वर तोच हेडसेट घालून चुरण्याला बसलो. सगळं धूसर. पेंढी समजून बाबांचं धोतर उचललं. आई, म्हणजे चंदाबाई, धावत आली: "माह्या चष्म्याचं काय करून राह्यला बे?"

"विमानाचा अभ्यास, माय."

"तुले येड लागलं का पोट्टी भेटली?"

मी म्हटलं, दोन्ही. तेव्हापासून चुरण्याच्या जेवणात मला जास्तीची भाजी येते.

कलम ६. दुसरा हेडसेट. माझी सगळ्यात मोलाची वस्तू. एक मोठा डब्बा विकून घेतला. घेण्याआधी यावेळी दुकानदाराच्या हातापाया पडून चार तऱ्हेचे नुसते घालून बघायला आणले आणि स्वतः तोंड बंद ठेवून दिव्यानीलाच घालू दिले, चष्म्यासकट, वेणीसकट. एक छान होता पण जड. तासाभरात तिची मान खाली झुकली. एक हलका होता, पण आवाज बॅटरीच्या जोरावर गिळायचा; बॅटरी काढताच इंजिन डोक्यात शिरलं. ती म्हणाली, "वर बॅटरी मेली तं? नुसत्या गादीनं बी कान झाकले पाह्यजे." तिसऱ्याचा माइक ओठावरून सारखा गालावर सरकायचा. चौथ्याची गादी मऊ, काडीभोवती मुरून बसणारी. तो घालून तिने मला एक-दोन-तीन म्हणायला लावलं. मग म्हणाली, "यात तुहा आवाज बी बरा लागते."

हा हेडसेट माझ्या पश्चात दिव्यानी वारलू मडावी हिला द्यावा. उद्याही तोच तिच्या डोक्यावर असेल. मी क्लबचा जुना, आवळणारा घालणार. कान लाल होऊ देत. फक्त त्यातून तिचं उत्तर नीट ऐकू यावं.

कलम ७. मोटारसायकल. पोचूला सोडून कोणालाही.

(हे कलम खोडलं आहे. बापूजींनी सांगितलं की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराची सही करतो त्याला त्या कागदातून काहीही मिळत नाही. मी खूश झालो: पोचूला काहीच नाही, म्हणजे पोचू साक्षीदार. बोलावला. त्याने कलम वाचलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "गंमतीत बोललो होतो ना बे. तू पडला तं गाडी घेऊन मी जाऊ कुठी?" आम्ही दोघंही थोडे रडलो. आता गाडी पोचूची. मात्र तो साक्षीदार म्हणून बाद.)

एक सही कमी पडली. बापूजी दाराकडे बघू लागले, आणि दारात दिव्यानी. उद्या किती वाजता निघायचं ते सांगायला आलेली. तिने कागद ओढून घेतला, उभ्यानंच सगळा वाचला. कलम सहावर थांबली. मग हात पुढे केला, "पेन दे."

बापूजी घाबरले. "बाई, तू सही केली तं हेडसेट तुले नाई भेटत. कलम सहा बाद होते."

"समजलं मले, बापूजी. म्हणूनच करून राह्यली."

मी टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला, त्यात कोणाचा हात नाही; शेवटी जो हात आहे तो मी आनंदाने मान्य करतो.

सही: सुनिल लटारू मोहुर्ले

साक्षीदार १: बापूजी, निवृत्त अर्जनवीस. (सुनिलने माझ्यादेखत सही केली. शुद्धीवर होता. आता सांगता येत नाही.)

साक्षीदार २: दिव्यानी वारलू मडावी. (मले तुह्या मेल्यावरचं काई नको. द्यायचं ते जिवंतपणी दे, एटापल्लीले घरी येऊन, बाबांसमोर दे. गुरुवारी ते घरीच आहेत. उद्या वर फक्त खाली पाह्यजो, बोलू नको.)

ठिकाण: सिंदेवाही
दिनांक: १३ डिसेंबर २०२५