दमलीस की सांग

३ तारीख, सोमवार

दमलीस की सांग, गाडी मी घेतो.

मला गाडी शिकवताना बाबा शेजारच्या सीटवरून हे म्हणायचे. बाबा ट्रक चालवायचे. आई लगेच टोला हाणायची, सांगू नकोस गं बाई, यांच्या हातात गेलेलं स्टिअरिंग ब्रह्मदेवालाही परत मिळायचं नाही.

आज ते आठवलं, कारण नव्या नोकरीची गाडी मिळाली. विजेवरची, कोरी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. ते फाडायचा मान लेकीने घेतला. नवं घर, नवी शाळा म्हणून आठवडाभर फुगून बसलेली ती आज पहिल्यांदा हसली.

माझं काम घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं. ड्रेसिंग, इंजेक्शन, आणि म्हाताऱ्यांच्या न संपणाऱ्या गोष्टी. वस्त्या लांब लांब. संध्याकाळी लेकीला शाळेतून घ्यायचं आणि घर गाठायचं.

५ तारीख, बुधवार

गाडीची सवय होतेय. पाय उचलला की ती आपोआप मंदावते, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही दोघी धक्क्यांनी नुसत्या माना डोलावत होतो. आवाज मात्र अजिबात नाही. रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या मधोमध स्वतःच राहते, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, वळणंही घेते. अट एकच. माझे हात स्टिअरिंगवर हवेत. काढले की टुंग वाजतं आणि एक बाई बजावते, कृपया स्टिअरिंग धरा. लेक तिला हेडबाई म्हणते. जेवताना मी कोपर टेबलावर टेकलं की आता घरातही तेच ऐकू येतं.

१२ तारीख, बुधवार

पाठ, खांदे, मनगटं, सगळं बोलतंय. गाडीच्या पडद्यावर कपाचं चित्र येतं. चालक दमला आहे, विश्रांती घ्या. घ्या म्हणे! कुठून घेऊ?

ऑफिसातल्या जुन्या सिस्टरने आज युक्ती शिकवली. सलाईनची भरलेली पिशवी बँडेजने स्टिअरिंगला एका बाजूला बांधायची. हेडबाईंना वजन लागतं, माणूस कुठे लागतो, म्हणाली. सगळ्या जणी करतात म्हणे. दिवसभर दुसऱ्यांना पथ्यं सांगणारी मी. सरळ रस्त्यावर पिशवी बांधली आणि हात मांडीवर ठेवले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१८ तारीख, मंगळवार

रोज सकाळी ज्या घरी जाते तिथले आजोबा गेले. त्यांची मुलगी पोचेपर्यंत मी हात धरून बसले होते. परतताना गाडीत एकटीच होते. वेड्यासारखी मोठ्याने म्हणाले, बाबा, दमले हो मी.

मग हात मांडीवर ठेवले. गाडी इतकी अलगद चालली की डोळे भरून आले.

शाळेशी उतरले तेव्हा पाहिलं, सलाईनची पिशवी मागच्या सीटवर बॅगेतच होती. हेडबाई वाटेत एकदाही बोलल्या नव्हत्या.

२० तारीख, गुरुवार

सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडून पाहिलं. बिघाड नाही. रस्ताभर स्टिअरिंग धरलेलंच होतं, असं गाडी सांगते. वर कौतुक, ताई, पकड एकदम पक्की आहे तुमची.

२१ तारीख, शुक्रवार

स्टिअरिंग डावीकडे ऊबदार लागतं. आत्ताच कुणी तळवा उचलावा तसं.

आणि वळण यायच्या आधी टक-टक. बाबा असंच अंगठीने वाजवायचे. ऊठ वळणा, आलो मी, म्हणायचे.

मी घाबरायला हवं होतं. मी रडले, आणि मग मान मागे टेकली. किती वर्षांनी दुसरं कुणीतरी गाडी चालवत होतं.

२४ तारीख, सोमवार

लेक म्हणाली, आई, आता धक्केच बसत नाहीत, किती मस्त चालवतेस! माझे हात पदराखाली होते.

२५ तारीख, मंगळवार

रुग्णाच्या घराकडे वळवायला गेले. स्टिअरिंग हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. गाडी वळली, पण तिच्या वेळेला. आईचा टोला आठवला.

बाबा कसे गेले ते मी कधी लिहिलं नाही. सरळ रस्ता, लख्ख दुपार. त्यांना डुलकी लागली. वाचलेला क्लीनर घरी येऊन सांगत होता, उस्ताद, माझ्याकडे द्या, म्हणून सारखा मागत होतो. बाबांचं एकच उत्तर, घरी पोचूनच देतो. आधी अंगठी वाजायची थांबली, म्हणाला.

उद्या किल्ली परत करणार.

२६ तारीख, बुधवार

ऑफिसात दुसरी गाडी नाही. मेट्रन म्हणाल्या, नव्या गाडीला नाकं मुरडणारी तुम्हीच पहिल्या. तरी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

तेवढ्यात शाळेचा फोन. लेकीला सणसणून ताप. बस नाही, रिक्षा नाही. किल्ली उचलली. फक्त आजचं. हात घट्ट धरून चालवीन.

तोच दिवस, गाडीत

लिहितेय, कारण हात रिकामे आहेत. स्टिअरिंगवर ठेवले तर झटकून टाकले जातात. शाळेतून निघालो आणि —

लेक मागे झोपलीय. अंग भाजतंय तिचं.

ब्रेकवर उभी राहिले. मंदावत नाही.

घराचं वळण गेलं.

ऑफिसात फोन केला. मेट्रन म्हणाल्या, घाबरू नका, कडेला घ्या — कडेला घ्या म्हणे —

सरळ रस्ता. पुढे ट्रकच ट्रक.

मघाशी टक-टक होतं. मागच्या वळणाला एकच टक.

आत्ताचं वळण — काहीच वाजलं नाही. गाडी कडेला घसरली, दचकून परत आली. असा दचका मला माहीत आहे. लहानपणी शेजारच्या सीटवरून पाहिलाय.

पडद्यावर कप आलाय. चालक दमला आहे. मी तर टक्क जागी आहे.

पुन्हा घसरली —

बाबा, मी नाही दमले. आता नाही. मागे तुमची नात आहे, तुम्ही तिला पाहिलंसुद्धा नाही. गाडी माझ्याकडे द्या ना. नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. घरी पोचूनच देतो म्हणाल. पण बाबा, घर तर मागेच —