प्रश्नपत्रिका कुठे आहे?

भाईंदर (प.),
९ ऑगस्ट २००४

चि. मृणालिनीस,
मामाचे खाडीवरच्या वाऱ्यासकट आशीर्वाद.

फोनवर मला कमी ऐकू येतं आणि तू भराभर बोलतेस, म्हणून हे पत्र. मामीने दिलेली सुकटीची चटणी तू इथेच विसरलीस. मी विसरलो नाही, एवढंच सांगतो.

तू मुलाखती आटोपून जेवायला आलीस, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. तुमच्या कंपनीच्या मीरा रोडच्या औषध कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर नेमायचा, उमेदवार दोन, दोघेही तिथलेच जुने. त्यातल्या अभिनवने म्हणे शाळेतली कविता खड्या आवाजात म्हणून दाखवली आणि तुम्ही सगळे हरखलात. खरं सांगू, नुसतं ऐकून मीही हरखलो. आमटीची वाटी हातात धरून थेट वर्गात जाऊन पोचलो. बाकांवर शाईचे डाग, खिडकीतून तिरपं ऊन, आणि अख्खा वर्ग एका चालीत डोलतोय. मीही त्याला तिथल्या तिथे नेमलं असतं. आमटी धोतरावर सांडली तेव्हा जागा झालो. मामी म्हणाली, सेवानिवृत्त माणसाने एका वेळी एकच काम करावं.

पण दुसरी उमेदवार, ती उत्तनजवळच्या पालीची स्टेफनी, तिच्याबद्दल तू म्हणालीस की ती सारखं घरचंच बोलत होती, कामात मन दिसलं नाही. मृणालिनी, मी जन्मभर पेपर तपासले. तू मला उत्तरपत्रिका दाखवलीस. प्रश्नपत्रिका कुठे आहे? तिला विचारलं काय होतं?

कळव. रागावलीस तरी लोभ तेवढा शाबूत ठेव.

तुझा,
हरिश्चंद्रमामा

पुणे,
१३ ऑगस्ट २००४

ती. मामांस,
रागावलेल्या भाचीचा नमस्कार.

त्या पालीच्या बाईची एवढी कड तुम्ही का घेताय? ओळखीची आहे का? असेल तर तो वशिला झाला, आणि वशिला तुम्हीच आम्हाला पाप म्हणून शिकवलात.

इतकी वर्षं मी माणसं निवडतेय. कोणाची जात नाही बघितली, धर्म नाही, गाव नाही. मी स्वतः बाई आहे, बाईला कशी डावलीन? येत्या शुक्रवारी अभिनवला नेमणुकीचं पत्र जाईल. साहेबांना मीच तसं कळवलंय, आता मागे फिरले तर माझंच हसं होईल. माझ्या बढतीचंही याच महिन्यात ठरतंय. कृपा करून हा विषय नको.

चटणी आमच्या ऑफिसातला पराग तिकडे येईल त्याच्याबरोबर पाठवा. मामींना नमस्कार, तुम्हालाही, थोडा कमी.

मृणालिनी

भाईंदर (प.),
१६ ऑगस्ट २००४

चि. मृणालिनीस,
आशीर्वाद नेहमीएवढेच, तू नमस्कार कमी केलास तरी.

त्या मुलीला मी पाहिलेलंही नाही. उद्या समोर आली तर ओळखणार नाही.

तू वाईट आहेस असं मी म्हटलं नाही. वाईट माणसाला निदान आपलं वाईटपण ठाऊक असतं. तू चांगली आहेस, म्हणून मला भीती वाटते, स्वतःवर शंका घ्यायची तुला सवयच नाही. आमच्या पाठांतराच्या स्पर्धेत सगळ्या मुलांना एकच कविता द्यायचा रिवाज होता. नाहीतर लाडक्याच्या वाट्याला गोड चालीची कविता येते, दुसऱ्याला जोडाक्षरांची, आणि परीक्षक बिचारा मनापासून समजतो की आपण न्याय केला.

दोघांना काय विचारलंस ते शांतपणे आठव. मला सांगू नकोस हवं तर. शुक्रवारच्या आत आठव.

चटणी संपली. मामी नवी करतेय, तिच्यावर तरी लोभ असू दे.

हरिश्चंद्रमामा

पुणे,
२० ऑगस्ट २००४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार, यावेळी पूर्ण.

आठवलं. अभिनवला विचारलं, विभाग कसा वाढवशील, माणसं कशी सांभाळशील. स्टेफनीला विचारलं, मूल लहान आहे, सकाळची पाळी कशी जमेल, उत्तनहून येणारी बस चुकली तर काय, सासूबाई मुलाकडे बघतील का. ती घरचं बोलली, कारण आम्ही दुसरं काही विचारलंच नव्हतं. आणि हे प्रश्न साहेबांचे नव्हते, माझे होते. मला खरंच तिची काळजी वाटत होती हो.

अभिनवलाही मे महिन्यात मुलगी झाली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. तिला कोण सांभाळतं, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

आज सकाळी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चूक तुमची असं लेखी द्या, मग पत्र थांबवतो. दिलं. ते वाचून, माझ्या बढतीचं पुढच्या वर्षी पाहू, एवढंच ते बोलले. फेरमुलाखती गुरुवारी. मला झोप नाही. आशीर्वाद पाठवा, उपदेश शिल्लक असेल तर राहू दे.

मृणालिनी

मीरा रोड,
२६ ऑगस्ट २००४

ती. मामांस,
नमस्कार.

कारखान्यातूनच लिहितेय, रात्री मुक्कामाला येते तेव्हा पत्र हातातच देईन. समोर बसून हे सांगता येणार नाही.

दोघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. कविता नाही. पहिल्याच प्रश्नाला स्टेफनीनेच उलट विचारलं, घरचं विचारणार न्हाय का? नाही म्हटल्यावर ती खुर्चीत नीट बसली आणि बोलायला लागली. एका ठिकाणी अडखळली, तिथे अभिनव सरस होता. मुलाखत घेणाऱ्या बाकी तिघांची दोन मतं तिला, एक त्याला. मी मत दिलं नाही, बाहेर थांबले. जागा तिला मिळाली. अभिनव माझ्याशी न बोलता गेला. पॅकिंगमध्ये आताच कुजबुज आहे की बाई म्हणून बाईला दिलं. ती तिला रोज ऐकावी लागणार, आणि ती मी तिच्या वाट्याला आणली.

बाहेर वॉचमनजवळच्या बाकावर तिची सासू बसली होती, डेझीबाई. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात फूल. नातवाला मी बघीन असा शब्द साहेबांना द्यायला पालीहून आली होती. मी सांगितलं, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, सूनबाईंना जागा मिळाली. तिला ते खरं वाटेना. मग गेल्या खेपेला का इचारलं, असं ती म्हणाली.

मी म्हटलं, ते मीच विचारलं होतं, आणि ते चुकलं. ती बाकावर थोडी सरकली, मला बसायला जागा करून.

माझ्यावर माया असू द्या.

मृणालिनी